शिलालेखातील रोहिणी

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत परगावचा पाहुणा आला म्हणजे त्यास काय दाखवावयाचे आणि कोणत्या क्रमाने दाखवावयाचे, याचा एक शिरस्ताच आता पडून गेला आहे. काळ्या दगडातील पंधरा कमानींची ती गंभीर ओळ, घुमटावाचून तोललेले छत, दोन्ही अंगांचे उंच मिनार, हे सारे पाहून झाले की अखेरीस त्यास आतील भिंतीवरच्या देवनागरी ओळींसमोर उभे करण्यात येते, मशिदीत संस्कृत कोरलेले आहे एवढे सांगण्यात येते, आणि पाहुणाही त्या काळच्या सलोख्याविषयी दोन चांगले शब्द बोलून व छायाचित्र घेऊन बाहेर पडतो. या सद्भावनेस नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. सांप्रतच्या दिवसांत ती जितकी मिळेल तितकी हवीच आहे. परंतु ज्या लेखाचे आपण एवढे कौतुक करतो, तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही, हे मला खटकते. लेखाचा आरंभ ईश्वरस्तवनाने आणि मध्य राजवंशाच्या नामावळीने व्यापलेला असला, तरी त्याच्या गद्य भागात एका विवक्षित रात्रीच्या आकाशाची नोंद आहे, आणि ती इतकी तपशीलवार आहे की चारशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही तिची रुजुवात करता येते.

मजकूर थोडक्यात असा. विक्रम संवत १६४६, शके १५११, विरोधी नाम संवत्सर, पौष शुद्ध दशमी २३ घटी, तदनंतर एकादशी, वार सोमवार, कृत्तिका नक्षत्र ३३ घटी, तदनंतर रोहिणी, शुभ नावाचा योग ४२ घटी, करण वणिज, आणि त्या दिवशी रात्रीच्या ११ घटी उलटल्या असता, कन्या लग्नावर, मुबारकशाहाचा पुत्र आदिलशाह याने ही मशीद आपल्या धर्माच्या पालनार्थ निर्माण केली. हा आदिलशाह विजापूरचा नव्हे. खानदेशच्या फारुकी घराण्यातील राजा अलीखान तो हाच. रायबहादूर हिरालाल यांनी हा लेख विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये वाचून प्रसिद्ध केला, तेव्हापासून तो विद्वानांच्या दफ्तरी दाखल आहे, बुऱ्हाणपूरच्या शाळांच्या दफ्तरी मात्र तो अजून पोहोचावयाचा आहे.

आता रुजुवात. घटी म्हणजे चोवीस मिनिटे, आणि तिथिनक्षत्रांच्या घटी सूर्योदयापासून मोजावयाच्या, एवढे ध्यानात धरले म्हणजे पुढचा हिशेब सातवीच्या मुलाच्या आवाक्यातला आहे. मजकूर दिवस इंग्रजी जुन्या गणनेने ५ जानेवारी १५९० ठरतो. नवी गणना पोर्तुगीजांनी त्यापूर्वीच स्वीकारली असल्यामुळे गोव्यातील एखाद्या कारकुनाने त्याच दिवशी आपल्या वहीत १५ जानेवारी लिहिले असते. वार काढून पाहावा तर तो सोमवारच येतो. चंद्राचे वय काढावे तर दशमी सरून एकादशी लागण्याच्या बेतात आलेली दिसते. वणिज हे करण शुद्ध एकादशीच्या पूर्वार्धाचेच, म्हणजे तिथीशी तेही जुळते. जानेवारीच्या मध्यास बुऱ्हाणपुरात सूर्य आजच्या घड्याळाने सातच्या थोडा पुढे उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा दशमी दुपारी सव्वाचारच्या आसपास संपली, कृत्तिका रात्री सव्वाआठच्या आसपास संपल्या, आणि रात्रीच्या ११ घटी उलटल्या त्या वेळी घड्याळात साडेदहा वाजत आले असते. त्या वेळी पूर्व क्षितिजावर कोणती रास उगवत होती हे पाहावे तर तीही कन्याच निघते. संवत्सराचे नाव विरोधी, तेही नर्मदेच्या दक्षिणेकडील आपल्या गणनेप्रमाणे अचूक. ज्या कोणा ज्योतिष्याने ही फर्द तयार केली असेल त्याचे नाव दगडावर आलेले नाही, पण त्याचा हिशेब मात्र दगडाइतकाच टिकला आहे.

आणि त्यात नवल मानण्याचेही कारण नाही, कारण हा मुलूखच मुळी गणितज्ञांचा. ज्या उज्जयिनीच्या रेषेवर आपल्या सिद्धांतकारांनी शून्य रेखांश मानला, त्या रेषेपासून बुऱ्हाणपूर अवघे अर्धा अंश पूर्वेस आहे. म्हणजे उज्जैनचा मध्याह्न आणि येथला मध्याह्न यांत दोन मिनिटांचेही अंतर पडत नाही, आणि इतर गावच्या जोशांना जो देशांतरसंस्कार काळजीपूर्वक करावा लागे तो येथल्या जोशास जवळजवळ माफ होता. (आजचे आपले घड्याळ मात्र साडेब्याऐंशी अंश रेखांशाच्या हुकुमाने चालते, आणि त्यामुळे बुऱ्हाणपूरच्या खऱ्या वेळेच्या सुमारे पंचवीस मिनिटे पुढे धावते, वर दिलेल्या वेळा त्या धावत्या घड्याळाच्या आहेत.) दक्षिणेस चाळीसगावाजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याचा शके ११२८चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. खानदेश म्हटले की केळी आणि कापूस एवढेच आठवण्याची जी सवय आपणांस लागली आहे, तिच्यात या दोन शिळांमुळे थोडी दुरुस्ती व्हावी.

लेखातील एक इच्छा येथे सांगितली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा सारा भार तिच्यावर आहे. आकाशाच्या अंगणात चंद्र, सूर्य आणि तारे जोवर स्थिर आहेत तोवर हा फारुकी वंश भूतलावर सुखाने नांदो, अशा आशयाचा आशीर्वाद तेथे कोरलेला आहे. मुहूर्त उत्तम निवडला होता: योग शुभ, नक्षत्र रोहिणी, तिथी एकादशी. पुढे काय झाले ते इतिहासाला ठाऊक आहे. सात वर्षांनी, १५९७ मध्ये, हाच राजा अलीखान गोदावरीकाठी सोनपेठच्या लढाईत मोगलांच्या बाजूने लढता लढता कामास आला. जानेवारी १६०१ मध्ये असीरगडाच्या किल्ल्या अकबराच्या हाती गेल्या, फारुकींचा वंश सत्तेवरून नाहीसा झाला, आणि ज्या मशिदीत हा आशीर्वाद कोरला होता तिच्यातच जेत्याचाही लेख खोदला गेला. म्हणजे उत्तमात उत्तम मुहूर्ताचे फळ अकरा वर्षेच पुरले. त्याच मुहूर्ताचे गणित मात्र आजही बिनचूक आहे. ज्योतिषशास्त्रात पाहणे व मोजणे हा एक भाग आणि भाकीत करणे हा दुसरा भाग, या दोहोंची फारकत केली पाहिजे हे समाजसुधारकांनी व्याख्याने देऊन शंभर वर्षे सांगितले. इतका उघड दाखला त्यांच्यापैकी कोणाच्या हाती लागला असता तर त्यांचे काम हलके झाले असते. माझे सांगणे एवढेच की बुऱ्हाणपूरच्या मुलांस खगोल शिकवावयाचा तर तो या लेखापासून आणि रोहिणी या एका ताऱ्यापासून शिकवावा.

एकाच ताऱ्यापासून का, असे कोणी विचारील. पाठ्यपुस्तकांतील खगोलाचा धडा नावांच्या जंत्रीने भरलेला असतो. सत्तावीस नक्षत्रे, बारा राशी, आठ ग्रह पाठ करून जो मुलगा परीक्षा उत्तीर्ण होतो तो अंगणात आल्यावर यांपैकी एकही बोट दाखवून सांगू शकत नाही. हल्ली तर भ्रमणध्वनी आकाशाकडे धरला की ताऱ्याचे नाव पडद्यावर उमटते, आणि नाव कळले म्हणजे तारा कळला अशा समजुतीने मनुष्य यंत्र खिशात ठेवतो. परिचय असा होत नसतो. एखाद्या घराण्याशी ओळख व्हावयाची तर त्यातील एका माणसाकडे वारंवार जावे लागते. मग त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांची नावे आपोआप कानांवर पडतात आणि लक्षातही राहतात. ताऱ्यांचेही तसेच आहे.

रोहिणी शोधण्यास यंत्र लागत नाही. मार्गशीर्ष-पौषात रात्री आठ-साडेआठ वाजता पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. मृगाच्या पोटात शिरलेला बाण म्हणून जे तीन तारे एका ओळीत दिसतात, त्या ओळीच्या रोखाने वरच्या अंगास, वायव्येकडे, दृष्टी नेली की एक तांबूस, ठसठशीत तारा लागतो, तीच रोहिणी. तीच रेषा आणखी थोडी पुढे नेली की कृत्तिकांचा झुबका सापडतो, आणि उलट्या दिशेने खाली आले तर झगझगीत व्याध. जानेवारीच्या मध्यास रात्री साडेनऊच्या सुमारास ती मध्यमंडलावर येते, आणि आपला अक्षांश सव्वाएकवीस व तिची क्रांती साडेसोळा असल्यामुळे त्या वेळी ती आपल्या माथ्यापासून पाचच अंश दक्षिणेस, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असते. यंत्रमागांच्या या शहरातील दिव्यांच्या धुरकट उजेडातही ती बुजत नाही, कारण साऱ्या आकाशातील पहिल्या पंधरा तेजस्वी ताऱ्यांत तिची गणना आहे. तिच्याभोवतीचे जे मंद तारे मिळून तिचा गाडा होतो, ते पाहावयाचे असतील तर मात्र असीरगडच्या वाटेवर केळीच्या बागांपलीकडे जावे लागेल, आणि तेही चंद्र नसलेल्या रात्री.

हा गाडा म्हणजे आपल्या ग्रंथांतील रोहिणीशकट. शनी किंवा मंगळ या शकटाचा भेद करील तर जगावर अनर्थ ओढवेल, अशी जुनी समजूत होती, आणि पुराणांनी व नाटककारांनी तिचा यथेच्छ उपयोग करून घेतला. परंतु नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ लिहिताना त्या भीतीचा निकाल गणिताने लावला: चंद्र हा भेद नियमाने करतो, तो राहूच्या स्थितीवरून केव्हा घडेल हे सांगता येते, आणि शनी व मंगळ यांच्या हातून तो या युगात घडावयाचा नाही. जगबुडीची धास्ती अशा रीतीने पंचांगातील एक साधी नोंद होऊन बसली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या प्रकरणाचा जो ऊहापोह केला आहे तो मराठी वाचकांनी अवश्य वाचावा, मराठीत शास्त्र लिहिता येत नाही अशी कुरकूर करणाऱ्यांनी तर दोनदा वाचावा.

चंद्राने रोहिणीस झाकण्याची अशीच एक नोंद इसवी सन ५०९ मध्ये अथेन्स येथे झाली होती, आणि तिचे पुढे जे झाले ते रोहिणीच्या साऱ्या चरित्रात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. इंग्लंडचा एडमंड हॅले, ज्याच्या नावाचा धूमकेतू सर्वांस ठाऊक आहे, त्याने १७१८ मध्ये जुन्या ग्रीक नोंदी आणि स्वतःच्या काळची स्थाने ताडून पाहिली, तेव्हा रोहिणी, व्याध आणि स्वाती हे तीन तारे पूर्वीच्या जागी नाहीत असे त्यास आढळले. अथेन्सच्या त्या नोंदीनेही हेच सांगितले की, रोहिणी आजच्या जागी असती तर त्या रात्री चंद्राने तिला झाकलेच नसते. संपातचलनाचा हिशेब वजा केला तरी बाकी उरत होती. ज्यांस आपण स्थिर तारे म्हणतो ते आपापल्या गतीने अवकाशात चालत आहेत, हे मनुष्यजातीस प्रथम कळले ते या तिघांमुळे. बुऱ्हाणपूरच्या लेखातील आशीर्वादात तारे स्थिर असण्याची जी अट घातली आहे, ती मुळातच पुरी होण्यासारखी नव्हती! रोहिणीची ही चाल वर्षास सुमारे एक पंचमांश विकला, म्हणजे मशीद बांधल्यापासून आजवर ती दीड कलाही सरकलेली नाही आणि डोळ्यांस काहीच फरक दिसणार नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी जपून ठेवल्या तर डोळ्यांना न दिसणारेही दिसते, हे अथेन्सच्या त्या लेखनिकाने आणि हॅलेने मिळून दाखविले. जुने कागद आणि जुन्या शिळा कशासाठी जपावयाच्या, असे नगरपरिषदांच्या सभांतून जे कधीकधी विचारण्यात येते, त्यास हे एक उत्तर आहे.

अरबांच्या चांद्र मंझिला अठ्ठावीस आणि आपली नक्षत्रे सत्तावीस. पण अश्विनीपासून मोजू लागले तर तिसरे स्थान दोन्हीकडे त्याच झुबक्याचे, आपल्याकडे कृत्तिका व त्यांच्याकडे सुरय्या, आणि चौथे स्थान दोन्हीकडे याच तांबूस ताऱ्याचे, आपली रोहिणी व त्यांचे दबरान. दहाव्या शतकातील अब्दुर्रहमान सूफीच्या ताऱ्यांच्या ग्रंथातही ती आहे, आणि अरबीतून तेच नाव युरोपात जाऊन ‘अल्डेबरान’ झाले. तेव्हा मशिदीच्या भिंतीवर अरबी आणि संस्कृत शेजारी शेजारी पाहून ज्यास आश्चर्य वाटते, त्याने आकाशातील हे शेजारही ध्यानी घ्यावे. ते दगडाहून पुष्कळ जुने आहे. फारुकींच्या मागून या शहरात दीर्घकाळ राहिलेला मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान, जो हिंदीच्या वाचकांस रहीम म्हणून प्रिय आहे, त्याच्या नावावर ‘खेटकौतुकम्’ नावाचा एक ज्योतिषग्रंथ आहे, आणि त्यात संस्कृत वृत्तांतून फारसी शब्द खुशाल वावरतात. फलज्योतिषाचा ग्रंथ म्हणून मला त्याची मातब्बरी नाही. भाषेचा विलास म्हणून आहे.

शेतकऱ्यांच्या रोहिणीविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. मेच्या २५ तारखेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो. आपल्याकडे मग रोहिण्या बरसल्या की नाही याची चौकशी सुरू होते, आणि आपले हिंदी भाषी शेजारी त्याच दिवसापासून नौतपा मोजू लागतात: एकास पावसाची आशा, दुसऱ्यास उन्हाचा धाक, आणि दोघांचे शेत एकाच बांधाला लागून. परंतु ज्या पंधरवड्यात रोहिणीचे नाव सर्वांच्या तोंडी असते त्याच पंधरवड्यात रोहिणी कोणासच दिसत नाही, कारण सूर्य तिच्यापाशी असतो आणि त्याच्या प्रभेत ती लोपलेली असते. जूनअखेरीस पहाटे ती पुन्हा पूर्वेस डोकावते, तेव्हा बहुधा ढग आलेले असतात. पुढे श्रावण वद्य अष्टमीस मध्यरात्री तिच्या संगतीने चंद्र उगवतो, तो कृष्णजन्माचा चंद्र. असे हे नक्षत्र बारमास आपल्या बोलण्यात, व्रतांत आणि पेरणीत असून, ते आकाशात कोठे आहे हे दाखविणारा मनुष्य गावात शोधावा लागतो. चंद्राच्या सत्तावीस बायकांत तिच्यावरच त्याची प्रीती का, याची कथा मात्र सर्वांस पाठ असते.

विज्ञानाने या ताऱ्याबद्दल जे सांगितले आहे ते त्या कथेहून कमी रसाळ नाही. तिच्या प्रकाशाचे पृथक्करण करून विल्यम हगिन्स आणि मिलर यांनी १८६४ मध्ये दाखविले की सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोखंड ही आपल्या पायाखालची द्रव्ये तेथेही आहेत. स्वर्गातील पदार्थ वेगळे व पृथ्वीवरील वेगळे ही दोन हजार वर्षांची कल्पना ज्या थोड्या ताऱ्यांच्या साक्षीने मोडली, त्यांत रोहिणी होती. तिचा व्यास आपल्या सूर्याच्या चाळीसपटीहून अधिक आहे, पण वस्तुमान त्याच्याहून थोडेसेच जास्त. पृष्ठभागाचे तापमान सूर्यापेक्षा सुमारे दोन हजार अंशांनी कमी, म्हणून ती तांबूस. गाभ्यातील हायड्रोजन जळून संपला की तारा असा फुगतो आणि लालसर होतो. अंदाजे पाच अब्ज वर्षांनी आपल्या सूर्यासही या वाटेने जावयाचे आहे. ज्या गाड्यात ती बसलेली भासते त्याचे तारे तिच्या दुपटीहून अधिक दूर आहेत. तिचा त्यांच्याशी दिसण्यापुरता संबंध. ती आपणांपासून सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे या हिवाळ्यात आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा किरण तेथून निघाला तो महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या सुमारास. त्याच्या चार वर्षे आधी प्रांतांची फेरआखणी होऊन आम्हा बुऱ्हाणपूरकर मराठी मंडळींचे तालुके मध्य प्रदेशात राहिले. त्या कज्जातील बहुतेक वादी-प्रतिवादी आज हयात नाहीत, आणि तो किरण आत्ता पोहोचत आहे.

गणित आणि भाकीत यांच्या या फारकतीवर ज्योतिषी मंडळींचा एक आक्षेप येईल, तो असा की ज्या ज्योतिष्याने हे गणित केले त्याने ते मुहूर्तासाठीच केले. फलाची श्रद्धा नसती तर गणितही झाले नसते. ऐतिहासिक दृष्ट्या हे पुष्कळसे खरे आहे, आणि ते मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही. मशिदीसाठी असो की देवळासाठी, यजमानाने दक्षिणा दिली ती फलासाठी. पण आंबा खाऊन झाल्यावर आढीतले गवत जपून ठेवण्याचे बंधन कोणावर नसते. दुसरा आक्षेप दुसऱ्या टोकाकडून येईल: पंचांग, लग्न, घटी हे शब्द शाळेत आणले म्हणजे मागच्या दाराने अंधश्रद्धाच आत येईल. माझा अनुभव उलट आहे. ज्याने तिथी म्हणजे चंद्र-सूर्यातील बारा अंशांचे अंतर हे एकदा समजून घेतले आणि ते डोळ्यांनी पडताळले, त्यास तिथीच्या नावाने घाबरविणे पुढे अवघड जाते. घाबरतो तो न मोजणारा.

म्हणून माझी सूचना अशी. पौष शुद्ध एकादशी, जिला पंचांगात पुत्रदा एकादशी म्हणतात, त्या रात्री चंद्र दर वर्षी याच भागात असतो, कधी कृत्तिकांच्या थोडा अलीकडे तर कधी रोहिणीपाशी. शुद्ध पक्ष असल्यामुळे मराठी पंचांग आणि जबलपूरचे हिंदी पंचांग यांत महिन्याच्या नावाचाही तंटा नाही. त्या संध्याकाळी शाळांनी मुलांस तापीच्या राजघाटावर न्यावे. त्यापूर्वी दिवसा त्यांच्याकडून मशिदीतील लेख वाचवून घ्यावा, संस्कृतच्या शिक्षकांनी आणि अरबीच्या मौलवीसाहेबांनी मिळून. घटींचे तास मुलांनीच करावेत. नगर निगमाने ऐतिहासिक इमारतींवर सोडलेले प्रखर झोत त्या रात्री दोन तास बंद ठेवावेत, त्याने पर्यटनाचे काही बिघडणार नाही. आणि लेखाजवळ एक फलक लावावा, मराठी, हिंदी व उर्दू अशा तिन्ही भाषांत, ज्यावर सलोख्याचे वाक्य अवश्य असावे, पण त्याखाली त्या रात्रीचे आकाशही रेखाटलेले असावे: पश्चिमेकडे कललेला एकादशीचा चंद्र, त्याने मागे टाकलेल्या कृत्तिका, पुढ्यात रोहिणी, आणि पूर्व क्षितिजावर उगवती कन्या. खर्च एका कमानीच्या रोषणाईहून कमी येईल. २०३३ पासून चंद्राने रोहिणीस झाकण्याची मालिका पुन्हा सुरू व्हावयाची आहे. आज जी मुले चौथीत आहेत ती तोवर कॉलेजात गेलेली असतील, आणि गणेश दैवज्ञांचा तो नियम स्वतः तपासण्याइतकी तयार झालेली असतील.

रात्री साडेदहापर्यंत मुलांस नदीकाठच्या थंडीत उभे करणे पालकांस रुचणार नाही, ही अडचण मला कळते. त्यांना आठलाच बोलवावे. लेखातील घटींप्रमाणे चंद्र रोहिणीत शिरला तो सव्वाआठलाच.